शेळीनं खाल्लेला शेवट

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझा शेवट एका शेळीनं खाल्लेला आहे. याबद्दल कुणी हळहळू नये. हळहळायचंच असेल तर आधी सगळं ऐकून घ्यावं.

माझा जन्म गिरगावातल्या एका छापखान्यात झाला. तिथं मला दोऱ्यानं शिवलं, पाठीला खळ लावली, वर कापडी पुठ्ठा चढवला. पोटात गोष्ट होती एका किल्लेदाराची. बाहेर नवाबाची फौज, आत मूठभर माणसं आणि संपत आलेला दाणागोटा. एवढं सगळं पोटात घेऊन मी परळच्या एका वाचनालयात आले आणि काचेच्या कपाटात उभी राहिले. उभीच राहिले.

वाचनालयाचे चिंतामणराव मला रोज फडक्यानं पुसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "बघा, कशी कोरी करकरीत आहे!" पुस्तकाला कोरं म्हणून वाखाणणं म्हणजे गवयाला 'तुमचा गळा किती शांत आहे' म्हणण्यासारखं. माझा किल्लेदार आत उपाशीपोटी लढत होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

मग सत्तावन्न सालची मे महिन्याची सुट्टी आली. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे तेव्हा परळ-लालबागच्या भिंतीभिंतीवर लिहिलेलं होतं. गिरणीतल्या शामरावांची बकुळा कपाटापुढं उभी राहिली. तिच्या घरात आईचा, म्हणजे कमलाबाईंचा कायदा होता : शाळा चालू असताना गोष्टीचं पुस्तक वाचायचं नाही. त्यामुळं वर्षाची सगळी भूक सुट्टीत भागवायची.

"ती जाडी द्या," बकुळा म्हणाली.

"फाटली तर नाव कापीन. कायमचं," चिंतामणराव म्हणाले.

चाळीत अडचण निघाली. वाचणारी तिघं, मी एक. बकुळा, शेजारची सुभद्रा आणि वरच्या मजल्यावरचा मालवणचा जयवंत. पहिल्या दिवशी रीतसर भांडण झालं. दुसऱ्या दिवशी बकुळानं वडिलांच्या दाढीचं पातं आणून माझ्या पाठीचा दोरा कापला. "वाचून झालं की पुन्हा शिवू," असं ती म्हणाली. बाहेर गॅलरीत मोठी माणसं महाराष्ट्र जोडायच्या घोषणा देत होती आणि आत माझे तीन तुकडे होत होते. मी निषेध केला. तो कुणाला ऐकू गेला नाही.

पण खोटं कशाला बोलू? त्या पोरांचे तेलकट अंगठे पानांवर उमटले, तेव्हा मला पहिल्यांदा पुस्तक झाल्यासारखं वाटलं.

एकानं वाचलेला भाग पुढच्यानं घ्यायचा, असं ठरलं. शेवटच्या भागात कुणी आधीच डोकावू नये म्हणून तो रांगेत शेवटी असलेल्या जयवंतकडं राखायला दिला. नंबर येईपर्यंत उघडणार नाही, अशी त्यानं आईची शपथ घेतली. आणि त्याच आठवड्यात घरचं लग्न निघालं म्हणून तो गावी गेला. भाग त्याच्या ट्रंकेत.

इकडं मधला भाग संपला. नवाबाचा वकील तहाचा खलिता घेऊन दारात येतो, किल्लेदार उत्तर द्यायला तोंड उघडतो, आणि पान संपतं. उरलेला सबंध मे महिना किल्लेदार तोंड उघडून उभा होता.

पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होत. त्याआधीच्या शेवटच्या बोटीनं जयवंत परतला. बकुळानं त्याला जिन्यातच गाठलं.

"शेवट कुठाय रे?"

"शेळीनं खाल्ला गो."

"अख्खा?"

"पुठ्ठ्यासकट. पडवीत ठेवलेला."

"पण तू वाचलास ना?"

"वाचणार कसा? आईची शपथ घेतलेली ना मी!"

मित्रांनो, प्रामाणिकपणानं एवढं नुकसान झालेलं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

बकुळाला रडू फुटलं. शेवट गेला आणि आता नावही जाणार, म्हणजे पुढची सुट्टीसुद्धा कोरी. शामराव म्हणाले, "लपवू नको. जा, तोंडावर सांग. पण तुझं म्हणणंपण मांड. नुसती मान खाली घालून येऊ नको."

तिघं मला सुतळीनं बांधून वाचनालयात घेऊन गेली. आदल्या दिवशीच्या सभेत घोषणा देऊन चिंतामणरावांचा घसा पार बसला होता. त्यामुळं ते कुजबुजत संतापले.

"नाव कापतो तुझं!"

बकुळाही उगाच कुजबुजली, "कापा. पण आधी शेवट सांगा. तुम्ही वाचलीय ना?"

"वाचलीय. किल्लेदार तह करतो. किल्ल्याच्या मधोमध भिंत घालतात. अर्धा याला, अर्धा त्याला. सगळे सुखी."

"आतल्या माणसांना विचारलं?"

"कादंबरीत असं कुणी विचारत नाही."

"मग शेळीनं बरं केलं," बकुळा मोठ्यानं म्हणाली. "आम्हांला हा शेवट मान्य नाही."

"नाही मान्य!" सुभद्रा ओरडली. जयवंतनं मूठ उगारली. "शेवट बदललाच पाहिजे!"

वरून ठरलं ते मुकाट मान्य करा, असं सांगायला चिंतामणरावांनी तोंड उघडलं. पण कालच्याच घोषणांनी बसलेला घसा आडवा आला. थेट माझ्या किल्लेदारासारखे ते तसेच उभे राहिले. मग मला हातात घेऊन पुटपुटले, "नाव राहू दे. शेवट लिहून आणा. शाईनं. मी शिवतो."

तोवर शाळा उघडली होती. पण कमलाबाईंचा कायदा वाचण्यापुरता होता. लिहिण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

मुलांच्या शेवटात किल्लेदार तोंड मिटतो आणि आतली माणसं बोलतात. भिंत पडत नाही, कारण ती घालूच देत नाहीत.

त्यानंतर दर सुट्टीत मुलं मला नेत. ज्यांना आधीचे शेवट पटत नसत, ती आपापला शेवट शिवून आणत. आता मी इतकी फुगले आहे की काचेच्या कपाटात मावत नाही. मी बाहेर टेबलावर असते.

मित्रांनो, आत्मवृत्त संपवताना 'आम्हांला जपा' म्हणून हात जोडायची रीत आहे. मी जोडणार नाही. मला जपू नका. जेवताना वाचा, आमटी सांडा, दोरा कापा, पुन्हा शिवा. फक्त कोरी ठेवू नका. आणि कुठला शेवट अगदीच गळ्याखाली उतरला नाही, तर तो गिळू नका. त्यासाठी मालवणात शेळ्या आहेत.