दोरी खाली गेली, मी वरच राहिले

मी एक जुनी वेताची टोपली आहे, मित्रांनो. एका तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खिळ्याला टांगलेली असते. माझ्यात सध्या कपड्यांचे चिमटे आहेत आणि एक वाळून खडखडीत झालेलं लिंबू आहे. माझ्या काठाचा वेत दोन ठिकाणी तुटला आहे. तो कसा तुटला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला एका म्हाताऱ्या टोपलीवाल्यानं विणलं. वेत रात्रभर पाण्यात भिजवून त्यानं तो गुडघ्याखाली दाबून वळवला. विणून झाल्यावर तो माझ्यात एक पाय ठेवून चक्क उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, ही माझ्यापेक्षा जास्त टिकेल. त्याचं म्हणणं खरं ठरलं.

माझ्या बाईनं मला घेतलं तेव्हा ती नुकती बाळंतीण होती. घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला पायऱ्या बावन्न आणि मूल असं रडकं, की खाली ठेवलं की भोंगा सुरू. मीठ संपलं तर आणायचं कसं? तेव्हा तिच्या नवऱ्यानं माझ्या कडीला लांब दोरी बांधली. गाठ अशी मारली, की पुढे तो गेला तरी गाठ सुटली नाही. बरोबर आमच्या गॅलरीखालीच किराण्याचं दुकान होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी आठ वाजता मी खाली जाऊ लागले.

त्या दुकानदाराला सगळा रस्ता काटेकोर म्हणायचा. तागडीचा काटा मधोमध आल्याशिवाय तो पुडी बांधायचा नाही. एक दाणा जास्त झाला तर उचलून घ्यायचा, कमी पडला तर शोधून टाकायचा. मालात खोट निघाली आणि कुणी परत आणला, असं त्याच्या दुकानात कधी झालं नव्हतं. ही गोष्ट तो दिवसातून दोनदा तरी सांगायचा.

माझ्या बाईला याद्या लिहायचा कंटाळा होता. जे संपलं असेल त्या डब्याचं झाकण ती माझ्यात टाकायची. पितळी झाकण म्हणजे साखर. निळं म्हणजे डाळ. पोचा पडलेलं, मुठीचं झाकण म्हणजे चहा. झाकण सरळ असेल तर नेहमीएवढं, पालथं असेल तर निम्मं. काटेकोर झाकण बघायचा, माल बांधून माझ्यात ठेवायचा आणि दोरीला दोन हिसके द्यायचा. दोन हिसके म्हणजे ओढा. बाळासाठी लिमलेटची एक गोळी असायचीच. ती मात्र तो तोलायचा नाही.

दुकानावर पुढे पत्र्याची शेड आली तेव्हा काटेकोरनं तीत माझ्यापुरता एक चौकोन कापून घेतला. पावसात तिथून धो धो पाणी यायचं. तो खाली बादली ठेवायचा, पण चौकोन बुजवला नाही. त्या चौकोनातून बाईला त्याचं फक्त टक्कल दिसायचं आणि त्याला कठड्यावरून डोकावणारा तिचा चेहरा. बोलणं मात्र भरपूर. डाळीत खडे आहेत का, पोराचा ताप उतरला का, कुणाची सून माहेरी गेली, सगळं तीन मजले ओलांडून मोठ्या आवाजात. सगळ्या रस्त्याला ऐकू जायचं आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

अशी पस्तीस वर्षं गेली. रडकं मूल मोठं होऊन दुसऱ्या गावी नोकरीला लागलं. बाईचे गुडघे गेले आणि त्या बावन्न पायऱ्या तिला डोंगराएवढ्या झाल्या. मी नसते तर तिचं पान हललं नसतं. मला याचा फार अभिमान होता, मित्रांनो. गर्वाचं घर खाली, म्हणतात ना, तसं माझं झालं. फरक इतकाच, की माझं घर वरच राहिलं.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. एकदा तो सुट्टीला आला असताना बाई मला ओढत होती. माझ्यात पाच किलो बटाटे होते. ती इतकी वाकली, की तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. ते बघून तो पांढराफटक पडला. आठवड्याभरात तो ग्रिलवाल्याला घेऊन आला. बाईनं तेव्हा नुकतंच चहाचं झाकण माझ्यात टाकलं होतं. मी निघणार, एवढ्यात मुलानं मला तिच्या हातातून घेऊन खिळ्याला अडकवलं. तो म्हणाला, आई, आता हे बास.

संध्याकाळपर्यंत गॅलरीला जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी गज लागले. दोन गजांमध्ये चार बोटांचं अंतर. खोली आणि गॅलरी यांच्यामध्ये काचेचं सरकतं दार आलं. काच हातोड्यानंही फुटणार नाही, असं मुलगा कौतुकानं सांगत होता. मग तो खाली जाऊन काटेकोरला म्हणाला, काका, आता सगळं सामान फोनवरून दारात येईल, तुम्हाला त्रास नको. काटेकोर एवढंच म्हणाला, बरं.

त्या दिवसानंतर आठ महिने मी खाली गेले नाही. तुम्ही कधी पंधरा दिवस आजारी पडून खिडकीतून खेळणाऱ्या मुलांकडे पाहिलं असेल, तर तुम्हाला माझे ते आठ महिने कळतील. रस्ता मला गजांमधून पट्ट्या-पट्ट्यांत दिसायचा. माणूस एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जायचा आणि संपायचा. मी गोल होते, गज सरळ होते. आमचं जमण्यासारखं नव्हतंच.

सामान येत होतं. खोटं कशाला बोलू, वेळेवर यायचं आणि स्वस्तही असायचं. हेल्मेट घातलेला माणूस घंटी वाजवायचा, पिशवी दाराशी ठेवायचा, तिचा फोटो काढायचा आणि पळायचा. त्या बिचाऱ्याला पुढची दहा घरं असायची. फोटो मुलाच्या फोनवर जायचा आणि तिकडे मुलगा निश्चिंत व्हायचा. एकदा कपड्याच्या साबणाऐवजी कुत्र्याच्या अंघोळीचा साबण आला. मुलगा म्हणाला, परत पाठवता येतो. बाई म्हणाली, असू दे, आता कुत्राच पाळते, बोलायला तरी कुणी होईल.

सकाळी आठ वाजता मात्र ती सवयीनं गॅलरीत यायची. तिचा हात माझ्यापर्यंत यायचा आणि परत जायचा. ती गजांपासून दोन पावलं मागेच उभी राहायची. काटेकोरनं वर पाहिलं तर काय तोंड दाखवायचं, असं तिला वाटत असावं. पण काटेकोरही वर बघत नव्हता. कोपऱ्यावर काचेच्या दारांचं मोठं दुकान झालं होतं, त्याचं निम्मं गिऱ्हाईक तिकडे गेलं होतं आणि उरलेलं फोनवर. आमच्या बाईचं जाणं त्याला सगळ्यांत जास्त लागलं होतं. भांडण नाही, तंटा नाही, तरी दोघांचा पक्का अबोला झाला.

आणि मग तो दिवस आला.

सकाळी साडेआठच्या सुमाराला बाई कपडे वाळत घालायला गॅलरीत आली. डास आत जाऊ नयेत म्हणून तिनं काचेचं दार ओढून घेतलं. टक् असा आवाज झाला. आतली खिट्टी आपोआप पडली होती.

तिनं दार ओढलं, ढकललं, पुन्हा ओढलं. फोन आत टेबलावर होता. काचेतून तो आम्हा दोघींना दिसत होता. शेजारचे दोघं नवरा-बायको कामावर गेलेले. तिनं हाका मारल्या. खाली आता गाड्यांचा इतका गोंगाट, की काटेकोरच्या पत्र्याखालीही काही ऐकू जाईना. एका बाईनं हाक ऐकून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि चालू लागली. वर कुणी बघतच नाही, मित्रांनो. मी पस्तीस वर्षं वरून खाली येत होते, म्हणून मला हे कळायला वेळ लागला.

नऊ वाजता दाराची घंटी वाजली. बाई ओरडली, अहो, थांबा. घंटी एकदाच वाजली. दोन खोल्या आणि दोन दारं यांच्या पलीकडे पिशवीचा फोटो निघाला आणि पावलं जिन्यावरून उतरून गेली.

दहा वाजता गॅलरीत ऊन आलं. अकराला ते भिंतीपर्यंत पोचलं. बाईनं बादली पालथी घालून त्यावर बसकण मारली. तोंडाला कोरड पडली होती. पिळलेल्या टॉवेलाचं पाणी तिनं ओठांना लावलं. मग तिनं मला खिळ्यावरून काढलं, माझ्यातले चिमटे खाली ओतले आणि मला टोपीसारखं डोक्यावर घातलं. तेव्हा तिच्या पायाशी काहीतरी खणकन पडलं. वेतात अडकून राहिलेलं चहाचं झाकण. आठ महिने ती ते घरभर शोधत होती आणि चहाच्या डब्यावर बशी झाकत होती.

झाकण हातात धरून ती बराच वेळ बसली. मग उठली. मला गजांतून बाहेर काढायचा तिनं प्रयत्न केला. आडवी, तिरपी, दाबून. मी अंग चोरलं, पण चार बोटांतून टोपली कशी जाणार? शेवटी तिनं नवऱ्यानं मारलेली गाठ दातांनी सोडवली. माझी दोरी झाकणाच्या मुठीला बांधली आणि झाकण गजांतून बाहेर सोडलं.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा दोरी खाली गेली आणि मी वरच राहिले.

पुढचं मी पाहिलं नाही. काटेकोरनं नंतर गॅलरीत बसून सांगितलं, म्हणून मला ठाऊक. पत्र्याच्या चौकोनातून पोचा पडलेलं झाकण त्याच्या नाकासमोर येऊन लोंबकळलं. त्याचे डोळे भरून आले, पण त्यानं ठरवलं, की वर बघायचं नाही. मनात म्हणाला, आली का आठवण. झाकण सरळ होतं, म्हणजे पाव किलो. त्यानं काटा मधोमध येईपर्यंत चहा तोलला, पुडी बांधली, दोरीला अडकवली आणि दोन हिसके दिले.

वर बाईनं दोरी ओढली. येऊन येऊन आली काय, तर चहाची पुडी. ती गजांतून आत येईना. बाईला हसावं की रडावं कळेना. तिनं पुडी तशीच खाली सोडली.

काटेकोर चमकला. चहा परत? मग त्याला वाटलं, हिला कडक लागतो, आपण विसरलो. त्यानं दुसरा चहा तोलला. पुन्हा दोन हिसके. तोही परत आला.

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. आठ महिने माल घेत नाही तर नाही, वर दोनदा परत पाठवते? दुकान तसंच उघडं टाकून, दोन्ही पुड्या मुठीत धरून तो जाब विचारायला जिना चढू लागला. पस्तीस वर्षांत तो त्या बावन्न पायऱ्या कधी चढला नव्हता. कशाला चढेल? मी होते ना.

धापा टाकत तो दारापाशी पोचला आणि थांबला. दाराशी पिशवी होती. त्यानं सवयीनं तिच्यातली दुधाची पिशवी दाबून पाहिली. ती फुगली होती, दूध नासलं होतं. दुकानदाराला दूध हाताला कळतं. हे सकाळपासून इथे पडलंय, आणि ही बाई दूध असं टाकणारी नव्हे. त्याचा राग कुठच्या कुठे गेला. त्यानं दार ठोठावलं, हाका मारल्या.

बाईनं ते ऐकलं. ओरडायला घशात आवाज नव्हता. तिनं मला कडीला धरलं आणि काचेवर आपटायला सुरुवात केली. धप्, धप्, धप्. माझ्या काठाचा वेत तुटला, मग पुन्हा तुटला. काचेला तडासुद्धा गेला नाही. पण आवाज गेला.

काटेकोर खाली धावला आणि कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला ओढतच घेऊन आला. कुलूप उघडायला पाऊण तास लागला. तोवर मी आपटतच होते. शेवटी काटेकोर खोलीतून धावत आला, खिट्टी वर केली आणि काच सरकवली. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"ताई, तुम्ही एवढ्याशा आहात होय?" तो म्हणाला. "खालून चांगल्या उंच दिसता."

ती आधी तांब्याभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "आणि तुम्हाला कपाळ आहे की. मला वाटायचं, टकलाखाली थेट मिशाच."

"ते राहू द्या. चहात काय खोट होती?"

"खोट नव्हती हो. पुडी गजातून येईना."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा ते गज नीट पाहिले. मग गजांच्या मधोमध आपली बोटं धरून पाहिली. एक, दोन, तीन, चार.

संध्याकाळी मुलगा धावत आला. आईचा हात हातात धरून बसला, लहान मुलासारखा रडवेला झाला होता. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पण फोटो तर आला होता."

काटेकोर म्हणाला, "फोटो पिशवीचा होता, बाळा."

मुलानं त्याच दिवशी खिट्टी काढून टाकली. ग्रिलमध्ये माझ्यापुरती एक छोटी झडप करून घेतो, असंही म्हणाला. त्याला आता सहा महिने झाले. ग्रिलवाला दर रविवारी म्हणतो, पुढच्या रविवारी येतो.

जड सामान अजून पिशवीतून येतं. ते बरंही आहे, बाईला आता वाकवत नाही. पण रोज सकाळी आठ वाजता दोरीला झाकण बांधून ती गजांतून सोडते. काटेकोर आता पुड्या लांबट आणि बारीक बांधतो. चार बोटांत बसतील अशा, मोजून. कधी घरात सगळं असतं, काहीच नको असतं. तरी झाकण खाली जातं. तो वर बघतो, हात करतो आणि दोन हिसके देऊन रिकामं झाकण परत पाठवतो.

मी हे सगळं खिळ्यावरून बघते. माझी दोरी जाते, येते. येताना तिला खालच्या गुळाचा, साबणाचा, गोणपाटाचा वास असतो. मी तो घेते आणि माझ्या चिमट्यांकडे बघत बसते.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी दाराशी पिशव्या येत असतील. येऊ द्यात. पण तुमची आजी, मावशी, कुणी एकटं राहत असेल, तर तिला पिशवी पोचली का, एवढंच विचारू नका. ती कुणी आत घेतली, ते विचारा. रस्त्यानं जाताना अधूनमधून वर बघत जा. आणि वाटेत एखादा ग्रिलवाला भेटलाच, तर त्याला म्हणावं, तिसऱ्या मजल्यावर एक टोपली वाट बघते आहे.