फाटकावरची राखण

फिनले गेला त्याला दोन वर्षं सात महिने झाले होते आणि तेव्हापासून आर्डव्हेगमध्ये कुणी म्हणून मेलं नव्हतं. गावाच्या दृष्टीनं ही आनंदाची गोष्ट होती. मार्सलीच्या दृष्टीनं नव्हती, कारण फिनले तिचा नवरा होता आणि तो अजून फाटकावर उभा होता.

आर्डव्हेगच्या दफनभूमीचा नियम साधा आहे. जो शेवटी पुरला जातो त्यानं राखण करायची. फाटकाशी उभं राहायचं, आत-बाहेर कोण जातं-येतं त्यावर नजर ठेवायची आणि पुढचा आला की त्याच्यावर पहारा सोपवून आपण निवांत झोपायचं. तोवर बसायचं नाही. बहुतेकांच्या वाट्याला दोन-तीन महिने येतात. हिवाळ्याच्या तोंडावर गेलेल्याची तर पंधरवड्यातच सुटका होते. फिनले नेमका नवा डॉक्टर गावात आला त्याच महिन्यात गेला. डॉक्टर हुशार निघाला. त्यानं विहिरीभोवती कट्टा बांधून घेतला, पोरांना लस टोचली आणि म्हाताऱ्यांच्या छात्या नळीनं ऐकून ऐकून एकेकाला मरणाच्या दारातून परत आणलं. गाव त्याला दुवा देत होतं. मार्सलीनं मात्र त्याला एकदाही अंडी पाठवली नाहीत.

उभं राहणं हे फिनलेचं कामच नव्हे. छप्पर शाकारताना पडल्यापासून त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे उभे राहत तेव्हा हा एकटा बसून राही आणि पाद्रीसुद्धा काही बोलत नसे. असा माणूस समुद्राच्या वाऱ्यात एकतीस महिने उभा. मार्सलीच्या घशाखाली घास उतरत नसे.

पहिल्याच महिन्यात तिनं गाईचं दूध काढायचं तिपाई स्टूल नेऊन फाटकाच्या आत ठेवलं. पाद्रीबुवांनी ते उचलून तिच्या घरी आणून दिलं. तिनं परत नेलं. तीन वेळा असं झाल्यावर ते म्हणाले, "मार्सलीबाई, या राखणीबद्दल शास्त्रात एक अक्षर नाही."

"गुडघ्याबद्दल तरी कुठे आहे?" मार्सली म्हणाली.

चौथ्या वेळी पाद्रीबुवांनी कुणी ठेचकाळू नये म्हणून स्टूल थोडं भिंतीकडे सरकवलं आणि विषय सोडून दिला.

"पण मार्सली, राखणदाराला बसायची परवानगी नसते," पोस्ट सांभाळणारी एफी म्हणाली होती.

"ठाऊक आहे मला. पाय तरी टेकवील."

गावाला तिच्या मनातलं कळत होतं आणि त्यामुळे गावाची जरा पंचाईत झाली होती. "कशी आहे तब्येत?" एवढा साधा प्रश्न मार्सलीनं विचारला की लोक घाईघाईनं "ठणठणीत!" म्हणत आणि वाटेला लागत. एफीला दर हिवाळ्यात खोकला होई. मार्सली तिकिटाला आली की ती बिचारी खोकला दाबून धरी आणि लालबुंद होई. मार्सलीनं कुणाचं वाईट चिंतलं असं नाही. तिला फक्त एक जण हवा होता, पिकलेला, आणि तोही आपल्या वेळेनं.

असा एक होता. टॉर्किल, एकट्या जिवाचा नावाडी, वय वर्षं एक्क्याऐंशी. त्याचं घर मार्सलीच्या घराला लागून, मध्ये एक कोबीचा वाफा. नोव्हेंबरात त्याच्या छातीत सर्दी उतरली, डॉक्टरनं नळी लावली आणि या खेपेला नकारार्थी मान हलवली. गावानं मार्सलीकडे पाहिलं. मार्सलीनं बार्ली भिजत घातली.

आजारी शेजाऱ्याला सूप नेऊन देणं हे शेजारणीचं काम, आणि या कामात आर्डव्हेगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मटणाचं हाड, बार्ली, गाजर, कांदा, दोन तास मंद आच. ती किटली घेऊन आत गेली तेव्हा टॉर्किल तीन घोंगड्यांखाली नाक वर करून पडला होता.

"आलीस? बघायला आलीस ना, किती राहिलंय ते?"

"सूप आणलंय."

"विष घातलंयस?"

"मीठ घातलंय. ऊठ, मेल्या."

"अजून नाही मेलो," टॉर्किल म्हणाला आणि उठून बसला. त्यानं सगळी किटली संपवली, तोंड पुसलं आणि मग सांगितलं, "एक ऐकून ठेव, मार्सली. मी इथे पुरून घेणार नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर, किलव्होरनला, माझ्या बहिणीशेजारी. सुताराला सांगून झालंय, होडीही ठरलीय."

मार्सलीनं उचललेली किटली परत खाली ठेवली. "का रे?"

"का म्हणून विचारतेस? तुझा फिनले उभा राहू दे की. माझी आई उभी होती."

हे प्रकरण एकोणीस वर्षांपूर्वीचं. टॉर्किलची आई आणि फिनलेची आई एकाच आठवड्यात गेल्या आणि दोघींच्या शवपेट्या एकाच गुरुवारी निघाल्या. जी आधी आत जाईल ती सुटणार, मागची राखणीला उभी राहणार. मग काय, दोन्हीकडची माणसं आधी लगबगीनं, मग झपाट्यानं, मग चक्क पळत सुटली. टॉर्किलची माणसं पुढे होती. फाटक चाळीस पावलांवर आलं होतं. तेवढ्यात फिनलेच्या माणसांनी रस्ता सोडला, पूर्वेकडच्या दगडी गडग्यावरून पेटी उचलून आत घेतली आणि जमिनीला टेकवली. टॉर्किलची आई चौऱ्याऐंशीची होती. पुढचं माणूस यायला अकरा महिने लागले आणि त्यात एक अख्खा हिवाळा गेला. त्या दिवसापासून टॉर्किलनं फिनलेशी बोलणं टाकलं. कोबीच्या वाफ्यात दोघे पाठीला पाठ लावून खुरपणी करत, पण ब्र काढत नसत.

मार्सली घरी आली. रात्रभर तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ती परत किटली घेऊन गेली, टॉर्किलनं सूप प्यायला सुरुवात करेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "गडग्याची कल्पना माझी होती."

टॉर्किलचा चमचा थांबला.

"आम्ही बायका तर घरीच थांबणार होतो. सकाळी फिनलेच्या गळ्यात मफलर बांधताना मी म्हटलं, फाटकाचाच हट्ट कशाला? पूर्वेचा गडगा कमरेएवढाच आहे. तो नको म्हणत होता. म्हणाला, टॉर्किलला बरं नाही वाटायचं. मी म्हटलं, टॉर्किलच्या वाटण्यापायी तुझ्या आईनं उभं राहायचं का?"

टॉर्किलनं चमचा किटलीच्या कडेला टेकवला.

"फिनले कधी बोलला नाही," टॉर्किल म्हणाला.

"तू विचारलंस का कधी?"

"मी बोलतच नव्हतो त्याच्याशी. विचारणार कसं?"

"म्हणून सांगते. उभं राहायला हवं ते मी. त्याला कशाला शिक्षा? मला लाज वाटते रे टॉर्किल, एकोणीस वर्षं वाटतेय. त्याचा गुडघा तुला माहीत आहे."

टॉर्किलनं चमचा परत सुपात घातला. "गुडघा माहीत आहे. छपरावरून पडला तेव्हा मीच उचलून आणला होता." त्यानं किटली संपवली, तळाची बार्ली बोटानं पुसून घेतली. "ठीक आहे. सुताराला सांग, किलव्होरन रद्द. इथेच पुरा मला."

मार्सलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं त्याचे हात हातात घेतले, घोंगड्या नीट केल्या, चुलीत आणखी जळण सरकवलं. मनावरचं एकोणीस वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि त्या भरात तिनं तिसऱ्या दिवशीचं सूप असं काही जमवलं की तसं आजवर तिलाही जमलं नव्हतं.

चौथ्या दिवशी टॉर्किलला घाम आला. सहाव्या दिवशी त्यानं खुर्ची चुलीपाशी ओढली. नवव्या दिवशी डॉक्टरनं नळी लावली, परत लावली आणि विचारलं, "याला काय दिलंत तुम्ही?"

मार्सलीला किटली कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटत होती, कुणाच्या ते ठरत नव्हतं.

"शब्द दिला होतास तू," ती टॉर्किलला म्हणाली.

"शब्द पाळणार आहे. इथेच पुरून घेईन. कधी ते बोललो नव्हतो."

त्या दुपारी ती दफनभूमीत गेली. फाटकाशी उभी राहून तिनं फिनलेला सगळं सांगितलं. टॉर्किल येणार आहे, पण इतक्यात नाही, चूक माझीच आहे, बार्ली जरा जास्त शिजली. वारा मावळतीकडून येत होता, म्हणजे थेट त्याच्या तोंडावर. तिनं स्टूल सरळ केलं आणि डोळे पुसत घरी आली. पुढचे पंधरा दिवस ती कुणाकडेच सूप घेऊन गेली नाही.

मग एका रविवारी, चर्च सुटल्यावर, एफी तिच्या दाराशी आली. "मार्सली, टॉर्किल फाटकावर उभा आहे."

"कुठल्या फाटकावर?"

"त्याच. काल होता, परवाही होता. लोक म्हणतात आजारानं डोकं फिरलं."

मार्सली शाल ओढून निघाली. टॉर्किल खरोखरच फाटकाच्या आत उभा होता. अंगात चर्चचा काळा कोट, डोक्यावर टोपी, दोन्ही हात काठीवर, नजर रस्त्याकडे. शेजारी स्टूल होतं, रिकामं.

"काय चाललंय हे?"

"राखण."

"तू जिवंत आहेस, टॉर्किल."

"तो दोष कुणाचा?" टॉर्किल म्हणाला. "मेल्याशिवाय राखण करायची नाही असा नियम कुणी सांगितलाय? शेवटच्यानं करायची, एवढंच. शेवटचा मी होणारच होतो, जरा उशीर झाला इतकंच. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत मी बघतो. बाकीचं तो बघेल. कालच सांगितलं त्याला."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, फिनले, मी उभा आहे. तू बस." मग घसा खाकरून तो म्हणाला, "एकोणीस वर्षांनी बोललो. पहिल्यांदा आवाजच फुटेना."

मार्सलीला जे येत होतं तेच तिनं केलं. घरी गेली आणि चूल पेटवली. बार्ली होती, हाड होतं. दोन तासांनी ती किटली फडक्यात गुंडाळून फाटकाशी परत आली. वाऱ्यानं टॉर्किलचं नाक निळं पडलं होतं, पण तो हलला नव्हता. शाल सावरायला म्हणून तिनं किटली स्टुलावर टेकवायला हात पुढे केला.

"तिथे नको," टॉर्किल म्हणाला. "बसलाय तो."

मार्सलीनं हात मागे घेतला. तिनं किटली गडग्यावर ठेवली, झाकण काढलं, टॉर्किलच्या हातात चमचा दिला आणि तो पीत असताना स्टुलाकडे पाहत उभी राहिली. एकतीस महिन्यांत पहिल्यांदाच तिचे स्वतःचे पाय दुखायला लागले.

"रोज असंच पाजत राहिलीस," टॉर्किल म्हणाला, "तर मला दहा वर्षं उभं राहावं लागेल."

"मीठ बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

परतताना पोस्टाच्या दारात एफी भेटली. मार्सलीला पाहताच तिनं सवयीनं तोंडावर रुमाल धरला, पण खोकला दाबता दाबेना.

"कशी आहे तब्येत?" मार्सलीनं विचारलं.

"ठणठणीत!" एफी घाबरून म्हणाली.

"नाहीये," मार्सली म्हणाली. "उद्या सकाळी किटली घेऊन येते. आणि डॉक्टरकडे जाणार असलीस तर थांब, अंडी देते, तेवढी पोचव."