डावीकडे कलली की विझणारा दिवा

नागोजीरावांच्या शिडाच्या होडीवरचा दिवा किनाऱ्याला उत्तम जळत असे. धक्क्याला बांधलेल्या होडीत बसून बटण दाबले, की डोलकाठीच्या टोकावर तो घोकंपट्टी करून आलेल्या विद्यार्थ्यासारखा लखलखे. पाण्यात जाऊन वाऱ्याने होडी डावीकडे कलली, की हा गडप. होडी सरळ झाली की पुन्हा हजर, मधल्या काळात काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने.

कन्नंबाडी धरणाच्या मागच्या पाण्यावर मैसूरच्या हौशी मंडळींचा एक लहानसा क्लब होता. ज्या होडीचा दिवा टिकत नाही तिला धक्क्यावर जागा नाही, असा त्याचा नियम. नागोजीरावांची होडी तपासणीत दोनदा नापास झाली होती. तिसरी आणि शेवटची तपासणी आज शनिवारी चार वाजता होती. आजही दिवा विझला, तर जागा दुसऱ्या सभासदाला जाणार आणि निवृत्तीनंतर चार वर्षे खपून परसात बांधलेली होडी परसातच परत येऊन उलटी पडणार. तिच्यावर कपडे वाळत घालायला बरे पडेल, असे त्यांच्या पत्नी सुमित्राबाई एकदा सहज म्हणाल्या होत्या. ते वाक्य नागोजीरावांच्या घशात अजून अडकलेले होते.

त्यातून तपासणी करणारा सेक्रेटरी प्राणेश हा त्यांचाच विद्यार्थी. नागोजीरावांनी तीस वर्षे पॉलिटेक्निकमध्ये वायरिंग शिकवले होते, आणि मीटर न लावताच वहीत आकडे भरले म्हणून या प्राणेशला एक वर्ष नापास केले होते.

तीन आठवडे त्यांनी शास्त्रशुद्ध शोध घेतला. एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा त्यांचा दंडक. बल्ब झाला, होल्डर झाला, डोलकाठीतून वर जाणारी वायर झाली, बटण झाले. फ्यूजची पेटी तेवढी उघडायची राहिली होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली होती, आणि त्या हातावर संशय घेण्याची त्यांना सवय नव्हती.

"आयुधपूजेला चार फुलं वाहिली असती तर," धक्क्यावर चित्रान्नाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या सुमित्राबाई म्हणाल्या. "अख्ख्या मैसूरनं सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना हार घातले. तुमची होडी तेवढी बोडकी."

"कुंकवानं करंट वाढत नाही."

"ठाऊक आहे. पण न लावूनही कुठं वाढलाय?"

नागोजीरावांनी हे ऐकले नाही असे ठरवले. घड्याळात तीन वाजले होते. धक्क्यालाच होडी कलवून तपासायची, तर डाव्या कडेला कुणीतरी बसायला हवे होते.

"अगं, जरा होडीत ये."

"मी? बेडा, बाबा, नको. मला पाण्याची भीती."

"बुडत नाहीस. कडेला नुसतं बसायचं. मला वजन पाहिजे."

"संसाराला चाळीस वर्षं झाली. आज कळली माझी किंमत."

तरी त्या आल्या. एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने डोलकाठी धरून त्या डाव्या कडेला बसल्या. होडी कलली, दिवा विझला. मध्ये सरकल्या, दिवा लागला. पुन्हा कडेला, पुन्हा गडप. इतके आज्ञाधारक उपकरण नागोजीरावांना प्रयोगशाळेतही कधी मिळाले नव्हते. त्यांनी मीटरच्या तारा एकेका जोडाला लावत नेल्या. बॅटरीपाशी वीज होती, पेटीच्या पुढे नव्हती. त्यांनी पेटीचे झाकण उघडले.

फ्यूज धरणाऱ्या पितळी चिमट्यावर वाळलेल्या गंधाचा पापुद्रा होता, वर कुंकवाचा ठिपका. होडी कलली, की चिमटा किंचित सरके आणि मध्ये पापुद्रा येई.

"सुमित्रा, हे तुझं काम."

"मी आज पहिल्यांदा होडीत पाय ठेवलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "गंध-कुंकवाची पुडी मी तुमच्या पिशवीत टाकली होती, एवढं खरं. तुम्ही ती फेकून दिलीत म्हणून सांगितलं होतंत."

नागोजीरावांना आठवले. आयुधपूजेच्या दिवशी ते होडी पहिल्यांदा पाण्यात नेणार होते. एकटेच होते, वारा जोराचा होता आणि पोहता फारसे येत नव्हते. पिशवीत हात घातला तो पुडीलाच लागला. पाण्याने बोट ओले केले, आणि कुणाला दिसू नये म्हणून गंध पेटीच्या आत लावून झाकण घट्ट बसवले. पुढे हे सगळे ते मोठ्या निष्ठेने विसरून गेले.

त्यांनी चिमटा घासून लख्ख केला. चारला प्राणेश वही घेऊन आला. सुमित्राबाई कडेला बसल्या, मध्ये सरकल्या, पुन्हा कडेला गेल्या. दिवा एकदाही विझला नाही.

"छान. दोष कुठं होता, मेष्ट्रे?" प्राणेशने आपल्या जुन्या मास्तरांपुढे पेन धरले. "कारण लिहिल्याशिवाय मी पास करत नाही. कुणी शिकवलंय, ठाऊक आहे ना?"

'स्क्रू सैल' असे लिहून भागले असते. नागोजीरावांचे पेन कागदावर टेकलेही. पण मीटर न लावता भरलेले ते जुने आकडे त्यांना आठवले, आणि ते भरणारा समोरच उभा होता. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले : 'फ्यूजच्या चिमट्यावर मालकाने स्वहस्ते गंध लावल्याने संपर्क तुटत होता.'

प्राणेशने ते दोनदा वाचले आणि खाली सही केली.

"गंध झाकणावर लावतात, मेष्ट्रे. आत कोण लावतं?"

"बाहेर लावलं असतं तर दिसलं असतं."

"कुणाला?"

नागोजीरावांनी मीटरच्या तारा गुंडाळायला घेतल्या. सुमित्राबाईंना मात्र हसू आवरेना; त्या इतक्या हलल्या, की होडी डावीकडे चांगलीच कलली. तिघांनीही वर पाहिले. दिवा जळत होता.

प्राणेश गेल्यावर सुमित्राबाईंनी कमरेची पिशवी सोडून कुंकवाची डबी काढली. नागोजीरावांनी पेटीचे झाकण बंद केले, दोनदा दाबून पाहिले आणि बाजूला सरकून त्यांना जागा दिली.

"झाकणावर," ते म्हणाले. "आणि फटीपासून दोन इंच लांब."