दाट रेषांची शहरं

सिएना

जेवणाच्या टेबलावर काचेखाली इटली पसरली होती. बुटाच्या टाचेवर मिठाची बरणी, गुडघ्यापाशी बटणांचा डबा. नकाशा लेकीनं पाठवला होता आणि फोनवर हुकूम सोडला होता: पाच जुनी शहरं निवडा, नीट बघा, चर्चमधली चित्रं बघा, चौकात बसून कॉफी प्या, आणि कृपा करून भांडू नका.

भांडायचा प्रश्न नव्हता. या घरात बोलून काही ठरायचंच नाही. लग्नानंतर पडद्यांच्या रंगावरून दोघांत जी जुंपली ती आठवडाभर चालली, आणि शेवटी सर्वेअर कंटाळून म्हणाला की यापुढे बटणं ठेवायची. सर्वेअर म्हणजे घरातला नवरा. जमिनी मोजण्याच्या नोकरीतून निवृत्त झाला तरी गल्ली त्याला त्याच नावानं हाक मारायची. काळी बटणं त्याची, पांढरी बायकोची. जिथं मन आहे तिथं ठेवायचं. सकाळी उठून ज्याला वाटेल त्यानं एक बटण हलवायचं. एका जागी दोघांचं आलं की ते पक्कं. का ठेवलं, का हलवलं, चकार शब्द काढायचा नाही. लेकीची शाळा अशीच ठरली, फ्रिज असाच आला, आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून हे तळमजल्यावरचं घेतलं तेही असंच. त्या वेळी त्याचं काळं बटण बरेच दिवस तिसऱ्या मजल्यावर अडून बसलं होतं. तिथल्या खिडकीतून गावामागची टेकडी दिसायची. इथून शेजाऱ्याची मोटार दिसते.

तर त्यानं पाच काळी बटणं ठेवली. सिएना, ओर्व्हिएतो, पेरुजा, उर्बिनो, व्हेनिस.

बायको चष्मा पुसून आली. नकाशावर वाकून बराच वेळ पाहिलं. पहिलं पांढरं बटण तिनं त्याच्या काळ्याला खेटून सिएनावर ठेवलं. बाकीची चार वर उत्तरेकडे गेली: फेरारा, रावेन्ना, मांतोव्हा, बोलोन्या.

एक तर लगेच पदरात पडलं, असं त्याला वाटलं. मनातल्या मनात त्यानं हात चोळले.


ओर्व्हिएतो

आता काय चाललं होतं ते सरळच सांगितलेलं बरं. त्याला एकट्यानं जायचं होतं. आणि ते त्याच्या तोंडून निघायला नको होतं.

बायकोचा उजवा गुडघा गेलेला. सपाटीवर ती बरी चालायची, काठी नावापुरती. पायऱ्या आल्या की मात्र अंग तिरकं करून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा घट्ट धरून. गेल्या वर्षी एका संग्रहालयात गेले होते. बाहेर ही लांबलचक दगडी चढण. तो सवयीनं वर पोचला आणि मागे वळून बघतो तर ती अजून खालच्या टप्प्यावर, तिच्या मागे माणसं खोळंबलेली, एक बाई हात द्यायला पुढे झालेली. तेव्हा त्यानं काय करावं? तो खांबावरचं कोरीवकाम बघत उभा राहिला. जणू त्याचा कुणाशी काही संबंध नाही. ती वर आली, धापा टाकत म्हणाली, खांब छान आहे हो. तो म्हणाला, हो ना.

ओर्व्हिएतो तर अख्खं एका उभ्या खडकाच्या माथ्यावर बसलंय. तिथं एक खोल विहीर आहे, तिला दोन गोल जिने, एकमेकांभोवती वळलेले. उतरणाऱ्याला चढणारा भेटतच नाही. हे वाचून त्याला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांतोव्हावरचं पांढरं बटण उठून ओर्व्हिएतोवर आलं.


पेरुजा

इथं गावात वर चढायला सरकते जिने आहेत.

हे त्याला माहीत होतं. सांगितलं नाही. नियमच होता ना, बोलायचं नाही.

फेरारावरचं बटण इथं आलं.


उर्बिनो

उर्बिनोबद्दल त्याला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. तिथं कोण राहिलं, कुणी काय रंगवलं, कशाचा पत्ता नाही. नकाशावर तेवढ्या जागी उंचीच्या तपकिरी रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. रेषा लांब लांब असल्या की माळ, जवळ आल्या की चढ, आणि चिकटल्या की माणसाचा श्वास फुलणार. हे वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. बोट ठेवून कुणी विचारलं असतं, साहेब, हे तुम्ही न बघता निवडलंत का, तर त्याला हो म्हणता आलं नसतं.

रावेन्नावरचं बटण निघालं. रावेन्नाला भिंतीभर लखलखती चित्रं आहेत, रंगीत काचेच्या इवल्या तुकड्यांची, आणि रस्ते ताटासारखे सपाट. ती चित्रं ती लेकीनं पाठवलेल्या पुस्तकात परत परत बघायची. पुस्तक आता कपाटावर गेलं होतं.

त्या सकाळी चहा गार होईपर्यंत तो नकाशासमोर बसला. एक काळं बटण उचलून त्यानं रावेन्नाच्या दिशेनं नेलंही. मग खिडकीबाहेर मोटार दिसली, आणि त्यानं ते होतं तिथं परत ठेवलं.


व्हेनिस

पाण्यातलं गाव, म्हणजे सपाट. असं कुणालाही वाटेल. पण तिथं दर दोन गल्ल्यांना पूल, आणि पुलाला इकडून पायऱ्या, तिकडून पायऱ्या. बोलोन्यावरचं शेवटचं बटण इथं आलं, आणि पाचही जोड्या जमल्या.

त्याचा बेत असा होता. ट्रॅव्हलवाल्यांकडून सगळा कार्यक्रम छापून आणायचा: कुठे किती चढ, कुठल्या हॉटेलला लिफ्ट नाही. तो टेबलावर ठेवायचा. ती वाचेल, चष्मा काढेल आणि म्हणेल, मला नाही बाई जमायचं, तुम्ही जाऊन या. मग तो नको नको म्हणेल, दोनदा. मग जाईल.

ऑफिस छोटंसं होतं. भिंतीवर निळे समुद्र, कोपऱ्यात खोकणारा प्रिंटर. तिथली मुलगी चष्मा डोक्यावर सरकवून भराभर टाइप करत होती. शहरांची नावं ऐकून तिनं मान डोलावली. अशी चढाची गावं एकदम पाच कुणी घेत नाही, म्हणाली, तुम्ही गिर्यारोहक वगैरे आहात का? तो खूश होऊन हसला. म्हणाला, जुनी सवय.

मग तिनं विचारलं, "जुन्या इमारतीतली हॉटेलं आहेत, जिने उभे आहेत. कुणाला चालायचा त्रास?"

"छे. तसं काही नाही."

तिची बोटं थांबली. पडद्यावर त्याच्या नावापुढची नोंद बघितली, त्याच्याकडे बघितलं, परत पडद्याकडे.

"मॅडमचा सकाळी फोन येऊन गेला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "गुडघ्यामुळे मला जमणार नाही, साहेबांचं एकट्याचं करा, म्हणाल्या. आणि खोली वरच्या मजल्यावर बघा. साहेबांना उंचावरून बघायला आवडतं, तळमजल्यावर जीव गुदमरतो त्यांचा."

प्रिंटर खोकून थांबला.

"मग एकच ना?" मुलीनं विचारलं.

विचार करून सांगतो, असं काहीसं तो पुटपुटला. उठताना त्याची खुर्ची पडली. मुलीनं ती उचलायला हात पुढे केला, तसा त्याला संग्रहालयातल्या त्या हात देणाऱ्या बाईचा चेहरा आठवला. इतके दिवस तो आठवला नव्हता.


व्हेनिस आणि घर यांच्यामध्ये

हवं ते मिळालं होतं. मागावंही लागलं नव्हतं. नको नको म्हणायचं नाटकही टळलं होतं.

तो पावलं मोजत चालणारा माणूस. आज मोजणी पहिल्या कोपऱ्यावरच चुकली. समोरून ओळखीचा औषधवाला आला, काय सर्वेअर, इटली कधी, म्हणाला, तर हा चक्क रस्ता ओलांडून गेला. आपल्याला बघून कुणालाही कळेल असं त्याला वाटत होतं. काय कळेल, ते शब्दांत मांडायची त्याची छाती नव्हती.


फेरारा, रावेन्ना, मांतोव्हा, बोलोन्या

बायको खिडकीपाशी खुर्चीत बसून त्याच्या नव्या पँटची शिवण उसवत होती. प्रवासासाठी घेतलेली पँट, लांबीला जास्त.

"झालं?" तिनं विचारलं.

"तू फोन केलास."

"केला. तुम्हाला जड गेलं असतं सांगायला."

तो उभाच राहिला. बूटही काढले नाहीत. त्यानं विचारलं, केव्हा कळलं.

"काळी बटणं मांडलीत तेव्हाच. अहो, लग्नानंतरची दोन वर्षं तुमच्या त्या तपकिरी रेषा शाई घेऊन कुणी गिरवल्या? ऑफिसात माणूस नव्हता म्हणून नकाशे घरी आणायचात. चढ मला कळतो. चढूनही कळतो आता."

"मग बोलली का नाहीस?"

"बटणांवर बोलायचं नाही. नियम कुणाचा?"

नियम त्याचाच होता.

तो टेबलाशी गेला. काळी बटणं एकेक करून उचलली आणि वर नेली: फेरारा, रावेन्ना, मांतोव्हा, बोलोन्या. एक बटण निसटून बरणीमागे गेलं. पाचव्याला सपाट गाव सापडेना म्हणून तो नकाशावर वाकून शोधू लागला. मागून तिचं हसणं आलं. कोरडं.

"मला नेताय, की स्वतःला शिक्षा करून घेताय?"

त्यानं सिएनावरच्या काळ्या बटणाकडे हात नेला.

"आणि सिएनावरचं काढू नका," ती म्हणाली. "तुमची चार मी मान्य केली. सिएना नाही. ते माझंच होतं."

"तुझं?"

"तुम्हीच सांगितलं होतं. त्या रेषा गिरवताना. म्हणालात, जगात एक चौक आहे, अख्खा उतरता, शिंपल्यासारखा. लोक येतात आणि विटांवर बसतात. कुणी आडवंही होतं. जायचं कुठं नसतं, चढायचं नसतं, नुसतं उतारावर बसायचं. आपण बसू, म्हणालात."

त्याला आठवेना. त्यानं खूप ताण दिला. शाईची बाटली आठवली, दिवा आठवला, तिची वेणी खांद्यावरून कागदावर यायची आणि तो ती मागे सारायचा, तेही आठवलं. वाक्य आठवेना. त्या ऑफिसातल्यापेक्षा आत्ता जास्त लाज वाटली. तिथं तो खोटं बोलला होता, इथं खरं बोललेलं विसरला होता.


सिएना

त्यानं फोन लावला. मुद्दाम तिच्यासमोर, उभ्यानं.

"मघाशी येऊन गेलो मी. माझ्या बायकोला चालायचा त्रास आहे. तसं काही नाही म्हणालो ते खोटं होतं."

मुलगी म्हणाली की बरं, काही हरकत नाही, मग दोघांचं करायचं का?

तो हो म्हणणार होता. शब्द ओठावर होता. मग त्यानं फोन छातीशी धरला आणि बायकोकडे वळला. इतक्या वर्षांत हे त्यानं कधी केलं नव्हतं. हातात बटण नव्हतं तर हाताचं काय करावं ते कळेना.

"येशील का?"

तिनं दोरा दातानं तोडला.

"सिएनाला येईन. बाकीचं सकाळी बघीन." मग पँट झटकत म्हणाली, "आणि पुढं चालायचं नाही. खांबबिंब बघत उभं राहायचं नाही."

म्हणजे तेही तिला माहीत होतं.

सिएना दोघांचं, त्यानं फोनमध्ये सांगितलं, लिफ्ट असलेलं, बाकीचं उद्या. फोन ठेवल्यावर ती काहीतरी बोलेल अशी त्याला आशा होती, निदान एखादा टोमणा. तिनं पँट त्याच्याकडे फेकली. घालून या, लांबी बघू द्या.

तो घालून आला. तिला खाली वाकता येत नाही, म्हणून अशा वेळी तो स्टुलावर चढतो आणि ती समोर खुर्चीत बसून टाचण्या लावते. नेहमीचंच. तो चढला. ती तोंडात टाचण्या धरून कापड दुमडू लागली. वरून त्याला तिचा भांग दिसत होता, विरळ झालेला, आणि बाजूला तिरका ठेवलेला उजवा पाय.

उंचावरून बघायला त्याला आवडायचं. आज खाली बघवेना. तो उतरू लागला.

"हलू नका," टाचण्यांच्या फटीतून ती म्हणाली. "अजून एक बाजू राहिलीय."