पंपघरातली लाल रेघ

आत्याबाईंच्या लाँड्रीत त्या दिवशी इस्त्रीला कुणी हात लावला नाही. सगळी गल्ली लाँड्रीमागच्या पंपाच्या खोलीत घुसली होती, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते खिडकीच्या गजांना लटकले होते.

नदी समुद्राला मिळते तिथली ही सखल वस्ती. सगळ्यांनी वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी उपसलं आणि वरची जमीन खचत गेली. बोअरचा पाइप मात्र खाली टणक थरात घट्ट रुतलेला, तो जागचा हलेना. त्यामुळे खोलीतला कोबा खाली जायचा आणि पाइप वर आल्यासारखा दिसायचा. "वयात आलाय, उंची वाढतेय त्याची," असं आत्याबाईंचे यजमान म्हणायचे. भरतीचं पाणी उंबऱ्याला लागायला लागलं, तेव्हा त्यांचीही थट्टा थांबली.

मग आत्याबाईंची भाची हट्टाला पेटली. ती जमिनीची मोजणी करणारी इंजिनिअर. तिने सगळ्यांचे पंप वर्षभर बंद ठेवायला लावले, नदीचं वरच्या अंगाचं गोडं पाणी गाळून वापरायला लावलं आणि पाइपवर कोब्यालगत लाल रेघ मारली. आज वर्ष झालं. कोबा रेघेलाच टेकलेला असला, तर जमीन थांबली. रेघेखाली सरकलेला असला, तर 'उपयोग काय' म्हणत समोरच्या बर्फाच्या कारखान्याचा बर्फवाला आजच पंप चालू करणार आणि बाकीचे त्याच्या मागोमाग. मग गल्ली सोडायचीच वेळ.

आत्याबाईंचं मन मात्र भलतंच लबाड. नदीच्या पाण्याने पांढरे शर्ट पिवळट निघत होते, जुनी गिऱ्हाईकं नाकं मुरडत होती. भाची जिंकायलाच हवी होती, आणि बोअरचं ते नितळ पाणीही परत हवं होतं. दोन्ही एकदम कसं मिळणार, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

भाची पाइपाजवळ वाकली आणि किंचाळलीच, "आत्या, रेघच दिसत नाहीये!"

"म्हणजे जमीन वर आली!" बर्फवाला ओरडला.

झालं! एकच कल्ला उडाला. कुणी बादली बडवायला लागलं. आत्याबाईंनी ओल्या हातांनी शेजारणीला मिठीच मारली.

भाची मात्र उठेना. "एवढी वर येत नसते जमीन. आतोबा, हा कोबा नवा दिसतोय."

आतोबा छताकडे बघायला लागले. "काल जरा सिमेंट फिरवलं," ते पुटपुटले. "एवढी माणसं येणार, खड्डे बरे दिसतात का?"

"अहो!" आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "वर्षभर घसा कोरडा केला तेव्हा थापी हातात धरली नाहीत, आणि मुहूर्त कालचाच सापडला?"

हशा पिकला, पण बर्फवाला हसला नाही. "छिन्नी आणा. मी स्वतः बघणार."

त्याने ठोकायला सुरुवात केली तसे सगळे श्वास रोखून पुढे झुकले. सिमेंटची ढेकळं उडाली. जुना कोबा उघडा पडला, मग रेघ दिसली. बर्फवाला तसाच पोटावर आडवा झाला आणि रेघेखाली नख घालून बघायला लागला.

"शिरत नाही," तो म्हणाला. मग गळा फाडून ओरडला, "अरे, नखसुद्धा शिरत नाही! थांबली!"

यावेळचा कल्ला खरा होता. भाची हसता हसता रडायला लागली. बर्फवाल्याने कपडे झटकत तिला विचारलं, "मग आता पंप?"

"बंदच," ती डोळे पुसत म्हणाली. "कायमचे."

पंप पुन्हा चालू होईल या आशेने कालपर्यंत आत्याबाई कुणाला न सांगता मोटरीला तेल घालत होत्या. त्यांनी भाचीच्या ओल्या, उजळलेल्या तोंडाकडे पाहिलं, फळीवरचा पान्हा उचलला आणि यजमानांच्या हातात कोंबला.

"उतरवा ती मोटर," त्या म्हणाल्या. "आत्ता, सगळ्यांदेखत. उद्या विचारलंत तर मी नाही म्हणेन."