दुसऱ्या भोकातला सूर

मी एक जुना माउथऑर्गन आहे आणि सध्या जंगलातल्या एका बंद केबिनमध्ये, टेबलाच्या खणात पडून आहे. सोबतीला एक वही आहे, एक बोथट पेन्सिल आहे आणि उंदरानं कुरतडलेला रुमाल आहे. यांच्यापैकी बोलणारं कोणी नाही, म्हणून मित्रांनो, तुमच्याशी बोलतो. कंटाळलात तर खुशाल तोंड वाकडं करा. माझे सूर ऐकून अनेकांनी केलं आहे, मला सवय आहे.

माझा जन्म कारखान्यातला. मध्ये लाकडाचा दातेरी कंगवा, त्याच्या वर आणि खाली पितळेच्या पट्ट्या, पट्ट्यांवर वीस नाजूक पाती आणि बाहेरून चकचकीत पत्रा. भोकं दहा. प्रत्येक भोकात दोन सूर राहतात. एक फुंकल्यावर बोलतो, दुसरा श्वास आत ओढल्यावर. अंगावर 'सी' हे अक्षर कोरलेलं आहे, ती माझी सुरांची पट्टी. या एका अक्षरापायी पुढे मी तीन आठवडे उपाशी राहिलो, ते सांगेनच.

माझा पहिला मालक कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेकडच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवायच्या कामाला होता. हे काम फार एकटं असतं. मे महिन्यात हेलिकॉप्टर माणसाला टॉवरपाशी सोडून जातं आणि सप्टेंबरात न्यायला येतं. मधल्या काळात उंच शिडी चढायची, वरच्या काचेच्या खोलीत बसायचं आणि धूर शोधायचा. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की माउथऑर्गन पाण्यात बुडवला की आवाज दणदणीत येतो. येतो खरा, दोन दिवस. मग लाकूड फुगतं, दाते बाहेर येतात आणि ओठ सोलून काढतात. त्याचे ओठ सोलले. त्यानं मला तंबाखूच्या डब्यात टाकलं आणि तो डबा टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सारला. अकरा वर्षं मी टेबल तोलून धरलं. सुरांसाठी जन्मलो आणि पाचर झालो.

एका जूनमध्ये डब्याचं झाकण उघडलं. समोर रोझलिन डेजार्ले होती. वय सत्तेचाळीस, जाड वेणी, हाताला बॅनक नावाच्या जाड रोटीच्या पिठाचा वास. त्या टॉवरचं नाव टेंट हिल आणि रोझलिनचा तिथला तो नववा उन्हाळा होता. तिनं मला हातात घेऊन हलवलं, फुंकलं आणि माझ्यातून अकरा वर्षांची धूळ बाहेर आली. ती खोकली. आमची ओळख अशी झाली.

मी तिला का हवा होतो, हे कळायला रेडिओ समजून घ्यायला हवा. त्या भागात असे नऊ टॉवर होते. रोज सकाळी आणि संध्याकाळी तळावरची ग्वेन रेडिओवर सगळ्यांची हजेरी घ्यायची. आपापल्या टॉवरचं नाव सांगायचं, वारा सांगायचा, धूर आहे की नाही ते सांगायचं. मधल्या वेळात कोणी काही म्हटलं आणि ते आपल्याला ऐकू आलं, पण बोलायचं काही नाही, तर माइकचं बटण दोनदा दाबायचं. टक, टक. म्हणजे ऐकलं. दिवसभरात कित्येकांना माणसाचा तेवढाच आवाज मिळायचा.

चाळीस किलोमीटरवरच्या मॅगपाय टॉवरवर ओरेस्ट हावरिलुक नावाचा म्हातारा होता. संध्याकाळच्या हजेरीनंतर तो आणि रोझलिन दहा मिनिटं गप्पा मारायचे. नऊ उन्हाळ्यांत त्यांनी एकमेकांना एकदाही पाहिलं नव्हतं. दर वर्षी मोसमाच्या शेवटच्या संध्याकाळी ओरेस्ट स्वतःच्या माउथऑर्गनवर एका जुन्या गाण्यातला तुकडा वाजवायचा. गाणं नदीवरच्या नावेचं होतं. दोन कडव्यांच्या मध्ये वीस सेकंदांचा तो तुकडा येतो, बस्स. बाकीचे आठही टॉवर कान देऊन ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी जायचे.

त्या मे महिन्यात तो म्हणाला होता, "आपला हा शेवटचा उन्हाळा बरं का, पोरी. शिडी चढताना गुडघे शिव्या देतात."

"आणि शेवटच्या संध्याकाळचं गाणं?"

"यंदा गाण्याला सुट्टी. नव्या कवळीतून वारा गळतो."

"कवळी काढून वाजव ना, म्हाताऱ्या!"

"काढून वाजवलं होतं काल. दोन अस्वलं आली दाराशी, रडत होती बिचारी."

रोझलिन हसली. पण दर दोन शब्दांनंतर तो धापा टाकत होता, हे तिच्या लक्षात आलं होतं. दोष कवळीचा नव्हता. त्यानंतर महिन्याभरात मी सापडलो आणि तिनं मनाशी ठरवलं की यंदा शेवटच्या संध्याकाळी तो तुकडा आपण वाजवायचा, ओरेस्टसाठी. वाद्याला तिनं उभ्या जन्मात हात लावला नव्हता.

आधी तिनं माझे फुगलेले दाते नखाच्या कानशीनं घासून सारखे केले. असं प्रेमानं मला कोणी हाताळलं नव्हतं. मग गाण्याची कॅसेट लावली. कॅसेटच्या वेष्टणावर गाण्याची पट्टी लिहिली होती, जी. माझ्यावर कोरलं होतं सी. ती फुंकत राहिली, गाणं एकीकडे आणि मी दुसरीकडे. चार दिवसांनी तिनं मला खणात टाकलं आणि म्हणाली, "चुकीचं वाद्य सापडलं. माझं नशीबच असं."

मित्रांनो, मी चुकीचा नव्हतो. पण आपण चुकीचे नाही हे स्वतःच्या तोंडानं सांगता येत नाही, दुसऱ्याच्या तोंडाची वाट पाहावी लागते. तीन आठवडे मी खिळ्यांमध्ये पडून होतो. वर काचेच्या खोलीत तिच्या खुर्चीची करकर ऐकू यायची, तेवढीच करमणूक.

शेवटी तिनं रेडिओवर आडवळणानं विषय काढला. "ओरेस्ट, माझ्या भाच्यानं पत्रात विचारलंय. गाणं जी पट्टीतलं असलं तर माउथऑर्गन कुठल्या पट्टीचा घ्यायचा?"

"सीचा," ओरेस्ट म्हणाला. "पहिल्यांदा सगळे जीचा शोधत बसतात आणि हातातल्या सीला शिव्या घालतात. भाच्याला म्हणावं, फुंकू नकोस, ओढ. असली गाणी ओढण्यात असतात. दुसऱ्या भोकातून श्वास आत घेतला की घर सापडतं, मग तिथूनच निघायचं नि तिथंच यायचं."

"सांगते त्याला."

"केवढा आहे ग भाचा?"

"आहे लहानच," रोझलिन म्हणाली. तिला भाचा नव्हता. भावंडंच नव्हती.

त्या दिवसापासून संध्याकाळी ओरेस्टचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "भाचा काय म्हणतो?"

आणि रोझलिन सांगायची, "एका वेळी दोन भोकं वाजतात म्हणतो."

"ओठांचा चंबू लहान करायला सांग. शिट्टी घालतात तसा."

दर वीस मिनिटांनी उठून तिला चारी दिशा पाहाव्या लागत. म्हणून आमचा रियाज वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत चाले. कागदावर तिनं भोकांचे आकडे मांडले होते. वर बाण म्हणजे फुंकायचं, खाली बाण म्हणजे ओढायचं. कॅसेट थोडी पुढे, बरीच मागे. हळूहळू सूर जागेवर येऊ लागले. अडला तो एकच. तुकड्याच्या शेवटी दुसऱ्या भोकातला सूर ओढता ओढता खाली वाकवायचा असतो. त्यासाठी जीभ मागे घ्यावी लागते आणि घसा सैल सोडावा लागतो. नवशिका नेमकं उलटं करतो, तो जोर लावतो. रोझलिन एवढा जोर लावायची की माझं पातं गुदमरायचं आणि घोगरं रडल्यासारखा आवाज यायचा.

"भाच्याला सूर वाकवता येत नाही," तिनं सांगितलं.

"मला यायला एक अख्खा उन्हाळा गेला," ओरेस्ट म्हणाला. "घाई कशाला? ऐकवू दे की कोणाला तरी, जसं येतं तसं."

"नीट आल्याशिवाय नाही ऐकवणार म्हणतो."

"मावशीवर गेलाय," ओरेस्ट म्हणाला.

जुलैच्या अखेरीस एका दुपारी रोझलिन वरच्या खोलीत माइक खुर्चीवर ठेवून खिडकी पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं मला घेतलं आणि नेमकी माइकवर बसली. बटण दाबलं गेलं. असं झालं की आपला आवाज सगळीकडे जातो आणि दुसरं कोणीच बोलू शकत नाही. वीस मिनिटं आम्ही वाजवलं. चुका, शिव्या, पुन्हा सुरुवात आणि ते घोगरं रडणं, सगळं बाकीच्या आठही टॉवरांना आणि तळाला गेलं. ती उठली तेव्हा ग्वेनचा आवाज आला.

"टेंट हिल, झाली का मैफल?"

रोझलिनच्या हातातून मी जवळजवळ पडलोच.

"रोझलिन, हसण्यावारी नेऊ नकोस. वीस मिनिटं सगळा जिल्हा मुका होता. एवढ्यात कोणाला धूर दिसला असता तर त्यानं काय केलं असतं, हात हलवले असते?"

"चूक झाली, ग्वेन."

ग्वेनचं बोलणं खरं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. मागून कोण्या टॉवरवाल्यानं विचारलं, "वासरू वाचलं का शेवटी?" आणि दोघे-तिघे हसले. मॅगपायवरून काही आलं नाही. बोलणं नाही आणि टक-टकही नाही. रोझलिन किती तरी वेळ रेडिओकडे पाहत बसली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओरेस्टनं विचारलं, "भाचा काय म्हणतो?"

"भाच्यानं सोडलं."

तो म्हणाला, "बरं. मॅगपायवरून एवढंच."

मी पुन्हा खणात गेलो. मित्रांनो, अकरा वर्षं टेबलाखाली काढली तेव्हा मला एवढं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा आपण कोणाच्या कामाचे आहोत हे माहीतच नव्हतं. आता माहीत झालं होतं. रोझलिन खण उघडायची, सुई-दोरा घ्यायची, माझ्याकडे न बघता खण लावायची.

आठ ऑगस्टच्या सकाळी ग्वेननं हजेरी घेतली. मॅगपायचं नाव तिनं तीनदा घेतलं. उत्तर आलं नाही. मग हेलिकॉप्टरचा आवाज आला आणि दूर गेला. ओरेस्ट शिडीच्या पायथ्याशी सापडला. छातीत कळ आली होती. शहरातल्या इस्पितळात तो दोन दिवस जगला. ग्वेननं सगळ्यांना रेडिओवर सांगितलं तेव्हा सगळ्या टॉवरांवरून एकामागून एक टक-टक आली. रोझलिननं बटण दाबलं आणि काही बोलायचं म्हणून तसंच दाबून धरलं. मग सोडून दिलं.

म्हाताऱ्याला मागेपुढे कोणी नव्हतं. त्याची केबिन आवरायला रोझलिनला मॅगपायवर नेण्यात आलं. निघताना तिनं मला जॅकेटच्या खिशात टाकलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्याची केबिन नीटनेटकी होती. फडताळात पीचचे डबे, दोरीवर एक सदरा, खिडकीत टेंट हिलच्या दिशेनं वळवलेली दुर्बीण. टेबलाच्या खणात त्याची खासगी वही होती. रोझलिननं जुलैचं शेवटचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. म्हणून मला कळलं.

"अठ्ठावीस जुलै. वारा वायव्येचा, हलका. धूर नाही. भाचा वीस मिनिटं वाजला. दुसरं भोक अजून उतरत नाही, पण उतरेल. या उन्हाळ्यातला चांगला दिवस."

"एकोणतीस जुलै. धूर नाही. सोडलं म्हणते. मी ऐकलं असं सांगणार होतो. सांगितलं तर आणखी लाजेल, म्हणून गप्प बसलो."

"तीस जुलै. धूर नाही. भाचा नाही."

"एकतीस जुलै. धूर नाही. भाचा नाही."

अशी सात ऑगस्टपर्यंत रोजची नोंद होती. रोझलिन सगळ्या वाचू शकली नाही.

मग ती ओरेस्टच्या टॉवरची शिडी चढली, त्याच्या खुर्चीत बसली आणि त्याच्या रेडिओचा माइक उचलला. "ग्वेन, मॅगपायवरून बोलतेय. कोणाला धूर दिसत नसेल तर अर्धं मिनिट हवंय."

ग्वेननं सगळ्यांना विचारलं. मग म्हणाली, "घे बाई. आम्ही आहोत."

रोझलिननं मला ओठांना लावलं. या वेळी तिनं जोर लावला नाही. जोर उरलाच नव्हता. वीस सेकंदांत दोन चुका झाल्या. शेवटचा सूर तिनं ओढला आणि तो वाकला. पूर्ण नाही, थोडा वरच राहिला. पण वाकला. तिनं बटण सोडलं.

टक, टक. मग दुसरीकडून टक, टक. मी मोजत होतो. सात टॉवर झाले. टेंट हिलवर कोणी नव्हतं आणि मॅगपायवर आम्हीच होतो. रोझलिन मात्र आणखी एकाची वाट पाहत बसली.

निघताना तिनं मला तळहातावर आपटून आतलं पाणी काढलं, पुसलं आणि ओरेस्टच्या वहीवर ठेवलं. "तू इथंच राहा, त्याच्याकडे," ती म्हणाली. पुढल्या वर्षी मॅगपाय टॉवर बंद झाला. तेव्हापासून हा खण कोणी उघडलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं वाद्य तुमच्या घरी असेल तर त्याला पाण्यात बुडवू नका, पाचर करू नका, वाजवून झाल्यावर पुसून ठेवा. आणि वाजवा. दुसरं भोक उतरेपर्यंत थांबू नका, जसं येतं तसं वाजवा. पण माझं खरं मागणं वाजवणाऱ्यांकडे नाही, ऐकणाऱ्यांकडे आहे. लाजेल म्हणून गप्प बसू नका. कोणी तरी कुठे तरी चुकतमाकत वाजवत असेल आणि ते तुम्हाला ऐकू आलं असेल, तर बटण दोनदा दाबा.