कालव्यावरची हाक

मी एक जुने दार आहे. पण घराचे नव्हे, पाण्याचे. गोलबर्न खोऱ्यातल्या कालव्यावर आम्ही दारे एकामागे एक उभी आहोत. पूर्वी पाटकरी येऊन चाक फिरवी, तेव्हा आम्ही उघडत असू.

मग इव्हेट नावाची इंजिनियर आली. तिने आम्हाला पातळी पाहणारे डोळे दिले, बोलायला रेडिओ दिला आणि शिस्तही लावली. पाणी वीतभर चढले-उतरले तरच बोलायचे, एरवी गप्प. वरच्या दाराकडे मागितलेले पाणी पोचायला काही तास लागतात. तोवर पुन्हा मागायचे नाही, वाटेत असलेले पाणी मिळालेच असे धरायचे. उतावळेपणाने दोनदा मागितले, की खालची शेते बुडालीच! काय डोके त्या बाईचे! आमची एकी पाहायला लांबून माणसे येत, आणि मला फार अभिमान वाटे.

आमच्या दक्षिणेकडच्या देशात फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा; त्या फेब्रुवारीत ऊन आग ओकत होते. ड्रिता नावाच्या शेतकरणीने माझ्या शेजारी नाशपातीची नवी बाग लावली होती. सकाळी तिच्या रोपांना पाणी सोडले, तशी माझी पातळी उतरली. मी वरच्या दाराला हाक दिली. ते काही बोलले नाही. आमच्यात गप्प म्हणजे ठीक, म्हणून मी निर्धास्त राहिले.

दुपार झाली, तरी पाणी नाही. रोपांनी माना टाकल्या. नियमाने मी गप्प राहायचे होते, पण मी थेट इव्हेटला हाक मारली. ती गाडी दामटत आली. ड्रिता बांधावर उभीच होती.

"काय गं, तुझी हुशार दारं उन्हात डुलक्या घेतायत की काय?"

"वरचं दार गप्प होतं गं. मला वाटलं, ठीक असेल," इव्हेट म्हणाली.

"माझा नवरा लुआन गेला, त्या दिवशी तोही गप्पच होता, छातीत दुखत असताना. मलाही तसंच वाटलं होतं."

इव्हेटने गाडीतला लोखंडी दांडा उचलला. मग दोघी वर धावल्या. काकाकुव्याने त्या दाराची तार कुरतडली होती. बिचारे मुके आणि बहिरे होऊन उभे होते. दोघींनी दांडा फिरवून ते उघडले. संध्याकाळी पाणी आले आणि बहुतेक रोपे वाचली.

मित्रांनो, आता माझे बिजागर गंजले आहे. थोडे तेल घालत जा. आणि तुमचे कोणी गप्प झाले, तर ते ठीकच असेल असे धरू नका. आमच्याकडे आता रोज सकाळी वरच्या दाराकडून हाक येते, "आहेस ना?"

काही घडलेले नसले तरी मी सांगते, "आहे."